‘चाफा द्या’ म्हटल्यावर काय मिळते: मुंबईतील एका रोपवाटिकेचे परीक्षण

मुंबईतल्या कोणत्याही रोपवाटिकेत जाऊन नुसता ‘चाफा’ मागणाऱ्या ग्राहकाच्या हाती निदान अर्धा डझन वेगवेगळ्या वनस्पतींपैकी एखादी पडू शकते. त्यांतली काही आपल्या सह्याद्रीतली, काही थेट अमेरिका खंडातून आलेली, एक वेलीसारखी चढणारी आणि एक तर जमिनीतल्या कंदातून उगवणारी असते. या सर्वांना आपल्या भाषेत चाफा म्हणतात आणि लोकांनी ते नाव चुकून दिलेले नाही. सोनचाफ्याच्या सुगंधाने मोहून गेलेल्या समाजाने जे जे फूल तसे दरवळले त्याला त्याच घराण्यात घेतले, इतकेच. मात्र आवारात वीसतीस वर्षांसाठी झाड लावायचे असेल, तर कोणता चाफा हे बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. हे परीक्षण त्याच कसोटीवर लिहिले आहे.

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारासाठी गोरेगाव पूर्वेला, आरे वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका रोपवाटिकेतून आम्ही चाफ्याची काही रोपे घेतली. जागा मोठी नाही. पुढे कुंड्या, मध्ये हिरव्या जाळीखाली शोभेची झाडे आणि मागे पिशव्यांतली मोठी रोपे, अशी मुंबईतल्या बहुतेक रोपवाटिकांसारखीच तिची मांडणी आहे. वेगळेपण आहे ते रोपे दाखवणाऱ्या माणसात. ‘चाफा हवा आहे’ असे सांगताच त्यांनी रोपाकडे बोट दाखवले नाही, उलट विचारले, ‘कुठला चाफा, ताई? फुलं केसात माळायला हवीत, देवाला वाहायला, की आवारात सावली हवी? आणि भिंतीपासून जागा किती आहे?’ रोपवाटिकेची परीक्षा या प्रश्नातच होते. ज्या ठिकाणी हा प्रश्न विचारला जात नाही, तिथून चाफा घेणे म्हणजे पाटी न वाचता लोकलमध्ये चढण्यासारखे आहे.

सर्वांत आधी सोनचाफा, कारण मूळ नाव त्याचे. संस्कृतातला चंपक तो हाच. वनस्पतिशास्त्रात त्याला आता मॅग्नोलिया चंपाका म्हणतात. लिनियसने 1753 साली त्याची नोंद मिशेलिया चंपाका अशी केली होती आणि जुन्या पुस्तकांत, तसेच कित्येक उद्यानांतील पाट्यांवर, अजूनही तेच नाव सापडते. पश्चिम घाटापासून ईशान्य भारतापर्यंत आणि पुढे आग्नेय आशियापर्यंत याचे नैसर्गिक वास्तव्य आहे. रानात हा वृक्ष तीस मीटर आणि त्याहूनही उंच जातो, ही गोष्ट कुंडीत फूल आलेले हातभर कलम पाहताना कोणाच्या लक्षात येत नाही. दादरच्या फूलबाजारात वसई-विरारकडच्या वाड्यांतून येणारी, लहान पिशव्यांत भरलेली आणि पुढे सिग्नलपाशी गाड्यांच्या काचांजवळ येऊन पोहोचणारी पिवळीकेशरी फुले याच झाडाची असतात. फूल एकच पुरते. काचेच्या वाटीत पाणी घालून ठेवले तर ते खोली भरून टाकते.

सोनचाफा घेताना रोप आणि कलम यांतला फरक हाच खरा व्यवहाराचा मुद्दा आहे आणि मुंबईत सर्वाधिक फसगत इथेच होते. बियांपासून केलेल्या रोपाला फूल येण्यासाठी सात-आठ वर्षे, कधी त्याहून अधिक काळ जातो. शिवाय फुलाचा रंग आणि वास आईच्या झाडासारखाच येईल याची खात्री नसते. कलमाला मात्र बहुधा वर्ष-दोन वर्षांतच फुले धरतात आणि झाड आटोपशीर राहते. कोकणातून येणारी वेलणकर सोनचाफ्यासारखी निवडक जातीची कलमे म्हणूनच लोकप्रिय झाली आहेत. या रोपवाटिकेत दोन्ही प्रकार वेगळ्या रांगांत ठेवलेले होते आणि कलमाचा जोड कुठे आहे, हे बोट लावून दाखवले गेले. खोडाच्या तळाशी, पिशवीतल्या मातीच्या थोडे वर, गाठीसारखा जाड भाग दिसतो आणि त्याच्या वरच्या व खालच्या सालीचा रंग थोडा वेगळा असतो. तो दिसत नसेल तर कलमाची किंमत देऊ नये, कारण ती बियांच्या रोपाच्या कितीतरी पट असते. जोडाच्या खाली फुटणारी फूट वेळोवेळी काढून टाकायला हवी, नाहीतर खालचे जोमदार खुंटच वाढत जाते. हेही त्यांनी न विचारता सांगितले, आणि विक्री झाल्यावरही उपयोगी पडेल अशी माहिती देणारा विक्रेता मला नेहमीच मोलाचा वाटतो.

रोप सोनचाफ्याचेच आहे का, हे फुलाशिवायही ओळखता येते. मॅग्नोलियाच्या कुळातील झाडांच्या फांदीवर प्रत्येक पानाच्या देठापाशी अंगठीसारखी बारीक गोल रेघ असते. कोवळ्या पानाला गुंडाळून ठेवणारे वेष्टन गळून पडल्याची ती खूण आहे. ही रेघ आणि फांदीच्या टोकाशी मिटलेली टोकदार कळी, एवढे पाहिले की बहुतेक शंका मिटतात. हे कूळ सपुष्प वनस्पतींतील फार प्राचीन कुळांपैकी आहे. त्याच्या फुलांचे परागीभवन मुख्यतः भुंगेऱ्यांसारखे कीटक करतात, आणि फुलाच्या जाडसर पाकळ्या व मधोमध उभा राहणारा स्त्रीकेसरांचा तुरा यांतून ती जुनी घडण अजून दिसते. फळे तडकली की आतल्या लालभडक बिया पक्षी उचलतात. म्हणून आवारात एक सोनचाफा असला की बुलबुल येतात, आणि फुलाइतकाच मला हाही फायदा वाटतो.

एक सावधगिरी इथेच सांगायला हवी. ‘पांढरा चाफा’ या नावाखाली दोन पूर्णपणे वेगळी झाडे विकली जातात. एक आहे सोनचाफ्याचाच संकरज भाऊबंद, अरुंद पाकळ्यांचा पांढरा सोनचाफा, ज्याला बी जवळजवळ धरतच नाही आणि जो नेहमी कलमानेच वाढवतात. दुसरा आहे देवळाच्या अंगणातला, जाड बोटांसारख्या फांद्यांचा, पाच पाकळ्यांच्या फुलांचा देवचाफा किंवा खुरचाफा. पान तोडून पाहावे: पांढरा चीक आला तर तो दुसरा. हा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि कातडीलाही लागू देऊ नये. लहान मुले खेळतात त्या कोपऱ्यात हे झाड लावणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

हा देवचाफा, म्हणजे प्लुमेरिया, मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांचा. युरोपीयांच्या जहाजांमागोमाग तो आशियात आला आणि देवळे, विहार, कबरस्ताने यांच्या आवारात असा रुजला की आज तो परका आहे हे सांगितले तर अनेकांना पटत नाही. त्याच्या नावाचा प्रवासही तितकाच मनोवेधक आहे. लाओसमध्ये त्याला ‘डोक चंपा’ म्हणतात आणि ते त्या देशाचे राष्ट्रीय फूल आहे, म्हणजे आपल्यासारखेच तेथील लोकांनीही अमेरिकेतल्या फुलाला चंपकाचे नाव दिले. इंडोनेशियात मात्र ‘चंपाका’ म्हणजे सोनचाफाच राहिला आणि प्लुमेरियाला ‘कंबोजा’ असे निराळे नाव मिळाले. प्लुमेरिया हे शास्त्रीय नाव शार्ल प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ दिलेले आहे आणि याच प्लुमिएने 1703 साली पिएर मॅन्योल या दुसऱ्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून ‘मॅग्नोलिया’ हे नाव घडवले. म्हणजे आज आपला सोनचाफा ज्या प्रजातीत गणला जातो तिचे नाव ठेवणाऱ्याचेच नाव आपल्या देवचाफ्याला मिळाले आहे. एकमेकांशी नाते नसलेल्या या दोन झाडांना आपण मराठीत एकाच नावाने हाक मारतो, आणि त्यांच्या शास्त्रीय नावांतही असा दुवा निघावा, याचे मला मनापासून अप्रूप वाटते.

देवचाफ्याची निवड इथे चांगली आहे. गोलसर टोकाच्या, चकचकीत पानांचा, ‘सिंगापूर’ या नावाने विकला जाणारा पांढरा प्रकार म्हणजे प्लुमेरिया ओबटुसा. मुंबईच्या दमट हवेत तो बहुधा वर्षभर हिरवा राहतो. टोकदार पानांचे, गुलाबी, लाल व पिवळ्या फुलांचे प्रकार प्लुमेरिया रुब्राचे. त्यांची पाने हिवाळ्यात गळतात आणि महिनोन्‌महिने नुसत्या फांद्या उभ्या राहतात. आमच्या आवारातले काही सभासद अशा झाडाला मेलेले समजून ते काढून टाका असे सांगू लागतात, म्हणून हा फरक घेतानाच माहीत असलेला बरा. रात्री दरवळणाऱ्या या फुलांत मध मात्र नसतो. वासाला भुलून आलेले पतंग रिकाम्या फुलांवर फिरतात आणि त्यातूनच परागीभवन होते. पावसाळ्यात पानांच्या मागच्या बाजूला नारिंगी भुकटीसारखा तांबेरा दिसतो. रोगट पाने वेळीच गोळा करून आवाराबाहेर काढावीत. इथल्या रोपांपैकी काहींवर तो होता आणि तो लपवला गेला नाही, पण ती रोपे निरोगी रोपांच्या रांगेतच ठेवली होती, हे मला पसंत पडले नाही. छाटकलमे मात्र उत्तम होती: कापलेले टोक सुकून घट्ट झालेले, तळाला पाणी न साचणारी भुसभुशीत माती.

नागचाफ्याच्या बाबतीत गोंधळ सर्वांत जास्त आहे. खरा नागचाफा म्हणजे मेसुआ फेरिया: अतिशय सावकाश वाढणारा, लोखंडासारख्या कठीण लाकडाचा, चार पांढऱ्या पाकळ्यांमध्ये पिवळ्या पुंकेसरांचा दाट झुबका असलेल्या फुलांचा सदाहरित वृक्ष. ते पुंकेसर म्हणजेच आयुर्वेदातला नागकेशर. श्रीलंकेचा तो राष्ट्रीय वृक्ष आहे. त्याची कोवळी पालवी तांबूस गुलाबी असते आणि खाली लोंबते, जुन्या पानांची खालची बाजू पांढुरकी दिसते. मुंबईतल्या बाजारात मात्र ‘नागचंपा’ म्हटले की बहुतेक वेळा पुढे येतो तो प्लुमेरिया पुडिका, ज्याचे पान टोकाशी नागाच्या फण्यासारखे रुंद होते. तो अमेरिकेतला, झुडपाएवढ्या वाढीचा आणि भरपूर फुलणारा आहे. कुंपणाला किंवा मोठ्या कुंडीला त्याच्याइतके सोयीचे झाड विरळा, पण फुलांना वास जवळजवळ नाही. काही ठिकाणी तर तोफेच्या गोळ्यासारखी फळे धरणाऱ्या कैलासपतीलाही नागचंपा म्हणतात आणि तो दक्षिण अमेरिकेतला, तिसऱ्याच कुळातला वृक्ष आहे. नागचंपा उदबत्तीचा संबंध या तिघांपेक्षा चंदन आणि चाफा यांच्या मिश्र सुगंधाशी अधिक आहे.

यापूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आमच्या संस्थेने ‘नागचाफा’ मागवला होता. घरी पोहोचलेले रोप पुडिकाचे निघाले. तक्रार केल्यावर मिळालेले उत्तर असे होते की यालाही नागचंपाच म्हणतात. ते उत्तर खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते अधिक त्रासदायक होते, कारण ग्राहकाला परतावा मागायला आधारच उरत नाही. संकेतस्थळावर शास्त्रीय नाव नव्हते, छायाचित्र फक्त फुलाचे होते. गोरेगावच्या या रोपवाटिकेत दोन्ही झाडे शेजारी उभी करून फरक दाखवला गेला आणि आमच्या आवारातल्या जागेसाठी खरा नागचाफा घेऊ नका, त्याची वाढ पाहायला तुमची पुढची पिढी लागेल, असा सल्लाही मिळाला. महाग रोप विकण्याची संधी सोडून दिलेला हा सल्ला होता. मी तरीही एक घेतला, कारण पुढच्या पिढीसाठी झाड लावणे मला योग्य वाटते.

निवड जपून करण्याचे मुंबईत आणखी एक कारण आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 अन्वये खासगी आवारातले झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. कायदा योग्यच आहे आणि या शहराला त्याची गरज आहे. पण त्याचा अर्थ असा की सोनचाफ्याचे बियांचे रोप भिंतीला खेटून लावले आणि दहा वर्षांनी त्याने कुंपण ढकलायला सुरुवात केली, तर नुसते वाटले म्हणून ते काढता येणार नाही. रोप घेण्यापूर्वी सभासदांनी भायखळ्याच्या राणीच्या बागेत एक फेरी मारावी असे मी सुचवेन. 1862 साली खुल्या झालेल्या या उद्यानात पूर्ण वाढलेल्या जुन्या झाडांचे विस्तार पाहिले की आपल्या आवारात काय मावेल याचा अंदाज कागदावरच्या मोजमापापेक्षा चांगला येतो. साधारण फेब्रुवारीत तिथे भरणाऱ्या महापालिकेच्या फुलझाडांच्या प्रदर्शनात बागकाम जाणणारे अनेक जण भेटतात, त्यांनाही विचारावे.

उरलेल्या चाफ्यांपैकी सुलतान चाफा, म्हणजे आपली कोकणातली उंडी, मला मुंबईसाठी सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत योग्य वाटते. खारा वारा तिला बाधत नाही, पाने गडद आणि चकचकीत असतात, त्यांवरच्या शिरा अगदी जवळजवळ आणि समांतर असल्याने ती सहज ओळखू येते, आणि पांढरी सुवासिक फुले झुबक्यांनी येतात. बियांच्या तेलावर कोकणात दिवे जळत असत. वरळी, माहीम, वर्सोवा अशा समुद्राजवळच्या वस्त्यांतील आवारांनी परदेशी ताडांऐवजी ही लावावी. दुर्दैवाने रोपवाटिकेत तिची मोजकीच रोपे होती आणि तीही मागच्या कोपऱ्यात, कारण, विक्रेत्यांच्याच शब्दांत, ‘कोणी मागतच नाही’. कवठी चाफा सोनचाफ्याच्याच कुळातला, लहान वाढीचा, सावलीत सुखाने राहणारा आहे. तो शोधूनही मिळाला नाही, फक्त नाव नोंदवून घेतले गेले. हिरवा चाफा हा तर सीताफळाच्या कुळातला, आकड्यांनी आधार धरून चढणारा. त्याची हिरवी फुले पानांत दिसत नाहीत आणि पिकून पिवळी होऊ लागली की पिकलेल्या फळासारखा वास सुटतो. जाळीच्या कुंपणावर चढवायला तो चांगला, पण त्याला जागा आणि छाटणी दोन्ही लागतात. कनकचंपा म्हणून दाखवलेला मोठ्या पानांचा मुचकुंद फार विस्तारतो, मैदानाकडेच्या मोकळ्या जागेशिवाय तो घेऊ नये.

आता उणिवांकडे. मोठी रोपे सोडली तर पिशव्यांवर पाट्या नाहीत. सारे ज्ञान एका माणसाच्या डोक्यात आहे आणि तो नसलेल्या दिवशी गेल्यास मदतनीस मुलगा सगळ्याच प्लुमेरियांना ‘चंपा’ म्हणतो आणि सोनचाफ्यालाही. बिलावर सुरुवातीला फक्त ‘चंपा’ लिहिले होते. आग्रह धरल्यावर ‘सोनचाफा, कलम’, ‘चाफा, पांढरा, सिंगापूर’ आणि ‘नागचाफा, नागकेशर’ असे पूर्ण लिहून दिले, आणि हा आग्रह प्रत्येकाने धरावा. किमती दादर आणि भायखळ्याकडे विचारलेल्या भावांपेक्षा थोड्या अधिक आहेत, पण कलमे जोमदार होती आणि मुळे पिशवीत वेटोळी घालून बसलेली नव्हती, त्यामुळे मला त्या रास्त वाटल्या. घरपोच आणून देताना टेम्पोत रोपे आडवी टाकल्यामुळे एका देवचाफ्याची फांदी मोडली. ते रोप बदलून मिळाले आणि मोडलेली फांदीही लावायला म्हणून परत दिली. ती आठवडाभर सावलीत सुकवून कुंडीत लावली आहे.

पावसाळ्यापूर्वी जाणाऱ्यांनी भुईचाफ्याचे कंद विचारावेत. हे झाड नव्हे, तर हळदीआल्याच्या कुळातली वनस्पती आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस पानांआधीच जमिनीलगत जांभळट पांढरी फुले उमलतात आणि पावसात पाने येतात. गॅलरीत ऊन कमी असलेल्यांना, कवठी चाफा मिळाला नाही तर, चाफा म्हणून लावता येईल असा हाच एक. कंद पुढच्या टेबलाखालच्या खोक्यात ठेवलेले असतात, मागितल्याशिवाय दाखवत नाहीत, आणि पाऊस सुरू झाला की लवकरच संपतात.